विहिरीचं कुलूप

रविवार, संध्याकाळ

आत्यासाहेबांनी आठवणींच्या पुस्तकात लिहिलंच, की दुष्काळात आपल्या राजवाड्याच्या विहिरीला कुलूप होतं. दादा चिडला, "घराण्याची अब्रू घालवली!" मलाही वाटलं, कशाला लिहायचं? विहीर बुजली, वर कॉलनी झाली. कुलूप कुणाला आठवतंय?

आज प्रकाशनाला फुलंब्रीकडचे एक म्हातारे धनगर उठले. "कुलूप व्हतं. माझी माय रिकामी घागर घेऊन माघारी आली व्हती."

आत्यासाहेब म्हणाल्या, "किल्ली माझ्याच कमरेला होती."

हे तर पुस्तकातही नाही!

मग त्या काठी टेकत व्यासपीठावरून खाली उतरल्या आणि स्वतःच्या हातानं त्यांना पाण्याचा ग्लास दिला. म्हातारबाबांनी क्षणभर ग्लासाकडे पाहिलं, मग सगळं पाणी पिऊन टाकलं.

दारात कुणीतरी विचारलं, "तुम्ही त्यांच्या कोण?"

"सख्खी भाची," मी म्हटलं. जरा मोठ्यानंच.