घरात कुणाला असा त्रास होता का

आबा, मंगळवारी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, "घरमां कोईने हतुं, बेन?" घरात कुणाला असा त्रास होता का, आणि मी "ना" म्हणाले. एका अक्षरात तुमचे दोन्ही पाय मी पुसून टाकले. त्यांनी कागदावर तसं लिहून घेतलं. माझ्या मुलीच्या वयाची बाई, हुशार, नीट समजावून सांगणारी. पायाच्या शिरांमध्ये बारीक झडपा असतात, त्या सैल झाल्या की वर जायचं रक्त खाली साचतं, म्हणून शिरा फुगतात, हे तिने मला चित्र काढून दाखवलं. डाव्या घोट्याच्या आतल्या बाजूला माझी कातडी तपकिरी झाली आहे. तिथे बोट ठेवून ती म्हणाली, "हे मला आवडलेलं नाही. घरात कुणाची इथली कातडी फुटून जखम झाली असती, तर मी तुम्हाला वाट पाहू दिली नसती. शीर बंद करायचं लगेच ठरवलं असतं. पण तसं काही नाही म्हणता, तर तीन महिने घरचे उपाय करून बघू." मी मान डोलावली, पर्स उचलली आणि पर्वत पाटियावरून रिक्षाने घरी आले. रिक्षात मला तुमच्या जखमेचा वास आला. आबा, तो वास कडुनिंबाच्या पाण्याचा होता आणि त्याखाली दुसराही एक होता, ज्याबद्दल आपल्या घरात कुणी बोलत नसे.

घरचे उपाय मी शिस्तीने करते आहे. एकतीस वर्षं मुलांना वेळापत्रकात बसवलं, आता स्वतःला बसवलंय. सकाळी अंथरुणातून पाय खाली टेकवायच्या आधी घट्ट मोजे चढवायचे. पाय सुजायच्या आत चढवले तरच त्यांचा उपयोग. सुरतच्या मे महिन्यात गुडघ्यापर्यंत मोजे घालून वावरणं काय असतं ते तुम्हाला सांगायला नको, तुम्ही लूमच्या कारखान्यात, खात्याच्या पत्र्याखाली बारा तास काढलेत. मग अर्धा तास चालणं. मग ओट्याशी उभं राहून टाचा उचलायच्या आणि टेकवायच्या, कारण पोटरी आवळली की ती रक्त वर ढकलते. परवा मी असं करताना खिडकीतून शेजारच्या भाईंनी पाहिलं आणि ओरडून विचारलं, "टीचर, हाइट वधारवी छे?" मी म्हटलं, "तुमची जीभ आखूड होत नाही, तर माझी उंची वाढली म्हणून काय बिघडलं?" त्यांची बायको हसून हसून खोकली. तिनेच मला सफरचंदाचा सिरका आणून दिला आहे, शिरांवर चोळायला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गार पाण्याने पाय धुवा, कातडी कोरडी पडू देऊ नका, खोबरेल हलक्या हाताने लावा, पण शिरांवर जोर लावून काहीही चोळू नका. मीठ कमी, जेवणात भाजी जास्त, पोट साफ. एका जागी फार वेळ उभं राहू नका, तसंच फार वेळ पाय लोंबकळत ठेवून बसूही नका. या सगळ्याने पाय हलका होतो, ठणका कमी होतो, रात्री पेटके येत नाहीत. शीर मात्र पूर्वीसारखी होत नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. खोटी आशा न दाखवणारी माणसं मला आवडतात, आणि अशा माणसाशी मी खोटं बोलून आले.

यादीतला शेवटचा उपाय असा: दिवसातून तीन वेळा, पंधरा मिनिटं, पाय छातीपेक्षा उंच ठेवून पडायचं. भिंतीला टेकवले तर उत्तम. त्यांनी हे सांगितलं तेव्हा मी पटकन विचारलं, "उशी चालेल का?" त्या म्हणाल्या, "चालेल, पण भिंत सोपी." मी उशीच घेते.

तुम्हाला तो रविवार आठवत असेल. लिंबायतच्या आपल्या खोलीत चार भिंती होत्या आणि मोकळी एकच. एकीकडे दार, एकीकडे मोरी आणि चूल, एकीकडे ट्रंका आणि गाद्या. उरली ती देवांच्या फळीखालची. तुम्ही रात्रपाळी करून सकाळी सातला यायचात, चहा घ्यायचात आणि त्या भिंतीला ढुंगण टेकवून पाय वर करून पडायचात. लूमच्या खात्यातल्या एका म्हाताऱ्या कारागिराने तुम्हाला ते सांगितलं होतं की तुमच्या शरीरानेच शोधून काढलं होतं, मला माहीत नाही. पण पंधरा मिनिटांनी तुमच्या चेहऱ्यावरची ओढ उतरलेली दिसायची. आपल्याकडे देवाकडे पाय करत नाहीत. ते तुम्हालाही ठाऊक होतं, म्हणून तुम्ही आधी फळीकडे बघून हात जोडायचात, "माफ कर रे बाबा," म्हणायचात आणि मग पाय वर घ्यायचात. देवाची तक्रार नव्हती. आईची नव्हती. शेजारची म्हातारी एकदा टोमणा मारून गेली, "देवले लाथ दाखाडस का रे भाऊ?" तर तुम्ही म्हणालात, "देवले दाखाडी ऱ्हायनू माय, तोच बरा करी."

त्या दिवशी दुपारी मला बघायला माणसं येणार होती. मूळची अमळनेरची, शिकलेली, मुलगा इथेच सुरतेत हायस्कुलात शिक्षक. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. आदल्या दिवशी आई आणि मी भिंतींना चुना दिला होता, हात सोलून निघाले होते. सकाळी मी पाणी भरून आत आले तर त्या पांढऱ्या भिंतीवर तुमच्या टाचा टेकलेल्या, आणि टाचांना खात्यातलं काळं तेल. मला राग आला की मी शुद्ध मराठीत बोलायचे. घरात सगळे अहिराणीत बोलत आणि मी एकटी पुस्तकासारखं बोलायचे, त्यामुळे ते जास्त लागायचं, हे मला माहीत होतं. मी म्हणाले, "आबा, देवाखाली तंगड्या वर करून पडता, तुम्हाला काही वाटतं का? माणसांच्या घरात राहायचं तर माणसांसारखं राहायला शिका." आई चुलीपाशी होती. ती म्हणाली, "तुन्हा बाप रातभर उभा ऱ्हास, तुले दिखत नही का?" तुम्ही पाय खाली घेतलेत, उठून बसलात आणि म्हणालात, "बरं शे माय. नही ठेवत." मग खांद्यावरच्या फडक्याने भिंत पुसायला गेलात आणि डाग आणखी पसरला. त्यावरही मी बोलले. शेवटी आईने तिथे कॅलेंडर लावलं. माणसं आली, पोहे खाल्ले, मला पसंत केलं. तुम्ही दोन तास खुर्चीवर पाय लोंबकळत ठेवून बसलात. मला दिसत होतं की तुम्ही एक पाय दुसऱ्यावर घासताय.

तुम्ही "नही ठेवत" म्हणालात आणि नाही ठेवलेत. मला वाटलं होतं चार दिवसांनी पुन्हा सुरू कराल. पण मी सासरी गेल्यावरही, भिंत रिकामी असतानाही, तुम्ही त्या भिंतीपाशी झोपला नाहीत. उंबऱ्यावर बसायचात, पाय खाली पायरीवर. आणि मग तुम्ही खात्यातल्यांचा उपाय धरलात. पाळीभर उभं राहून रक्त खाली उतरतं, तर ते गुडघ्यापाशीच अडवायचं, असं तिथे सगळे मानत. वाया गेलेल्या कापडाची लांब पट्टी फाडून गुडघ्याखाली करकचून बांधायची, पाटाचं पाणी अडवावं तशी. खाली पाऊल, पोटरी मोकळी, वर एक आवळलेली गाठ. वर चढणारं रक्तच त्यामुळे अडतं, हे तिथे कुणाला सांगणारं नव्हतं. आज मी जे मोजे घालते ते घोट्याशी सर्वांत घट्ट असतात आणि वर जाताना सैल होत जातात. तुमचं नेमकं उलटं होतं. पाळीवरून येऊन पट्टी सोडली की गुडघ्याखाली खोल वळ दिसायचा.

तीन वर्षांनी डाव्या घोट्यापाशी कातडी तपकिरी झाली, मग खाजली, मग फुटली. हळद भरली, कडुनिंबाने धुतलं, कुणाच्या सांगण्यावरून जळवा लावून घेतल्या. जखम भरायची आणि पुन्हा उघडायची. खातं सुटलं. मी दर रविवारी यायचे, पट्टी बदलायचे आणि बदलताना बोलायचे. "पायाची काळजी म्हणून घेत नाही तुम्ही." हे मी तुम्हाला म्हणायचे, आबा. तुम्ही वर छताकडे बघत राहायचात.

मला शाळेत नोकरी लागली तेव्हा तुम्ही लूमच्या जुन्या लाकडाचं एक स्टूल करून घेतलंत आणि स्वतः उचलून शाळेत घेऊन आलात, लंगडत, वर्ग चालू असताना. मुलं बघायला लागली. तुम्ही दारातच म्हणालात, "बसी शिकाडजो माय. उभी ऱ्हाऊ नको." मी ते घेतलं, तुम्हाला पाणीसुद्धा न विचारता वाटेला लावलं आणि स्टुलावर वह्या ठेवल्या. बसून शिकवणारी बाई मुलांना धाकात ठेवू शकत नाही, असं माझं मत होतं. एकतीस वर्षं वह्याच होत्या त्यावर. निवृत्त झाल्यावर ते शाळेतच राहिलं, आता कुठे असेल कोण जाणे.

तुमच्यानंतर मी तुमच्या पायांबद्दल कुणाशी बोलले नाही. माझी मुलगी तेव्हा दोन वर्षांची होती, तिला तुमचा चेहराही आठवत नाही. ती आता कामरेजला शाळेत शिकवते, म्हणजे तीही उभीच. काल तिचा फोन आला. "आई, माझ्या पोटरीवर निळी रेघ उठलीय, वळवळल्यासारखी. आपल्याकडे कुणाला होतं का गं? आबांच्या पायाला काहीतरी होतं, असं मावशी एकदा म्हणाली होती." मी म्हणाले, "तू मध्ये मध्ये बसत जा. घरी आल्यावर पाय वर ठेव. टाचा उचलायचा व्यायाम सांगते." ती म्हणाली, "ते ठीक आहे, पण होतं का कुणाला?" मी म्हटलं, दूध उतू जातंय, आणि फोन ठेवला. गॅसवर काही नव्हतं. मंगळवारी मी माझ्यापुरतं खोटं बोलले होते. काल ते तिच्यापर्यंत गेलं.

त्यानंतर मी मोजा उतरवून घोटा पाहिला. डाग पसरला आहे, आणि मधोमध कातडी चकचकीत, कागदासारखी पातळ झाली आहे. ती पुढे कशी होते ते मला कुठल्याही डॉक्टरच्या चित्रावाचून माहीत आहे. मग मी उशी बाजूला केली, झोपायच्या खोलीत गेले आणि भिंतीला पाय लावून पडले. पायांचं जडपण खरंच उतरतं, आबा. पाच मिनिटांतच कळलं. इतकं साधं होतं ते, आणि तुम्हाला एवढंच हवं होतं.

आज सकाळी दवाखान्यात फोन करून नंबर लावला आहे, उद्या अकराचा. तीन महिने थांबणार नाही. मी सांगणार आहे की वडिलांना होतं, दोन्ही पायांना, डाव्याची जखम बारा वर्षं भरत-उघडत राहिली. मुलीलाही यायला सांगितलं आहे, तिचाही पाय दाखवू. तिने विचारलं, "का गं अचानक?" मी म्हटलं, "ये तर खरी."

एक गोष्ट मात्र उद्या तिथे बोलणार नाही. कॉलेजात प्रथमोपचाराच्या वर्गाला एक डॉक्टर आले होते. दिवसभर उभं राहणाऱ्या कामगारांनी घरी आल्यावर पाय भिंतीला लावून पडावं, असं त्यांनी सांगितलं होतं, आणि मी ते वहीत उतरवून घेतलं होतं. त्या रविवारच्या दोनेक महिने आधी. तुम्ही करत होतात ते बरोबर आहे, हे मला माहीत होतं. मला फक्त भिंत पांढरी हवी होती.