शर्करांतक आणि मुंग्यांची साक्ष

२ सप्टेंबर १९९६, सोमवार

लागले! नोकरीला लागले! लग्नानंतर नऊ वर्षं सुधन्वाच्या बदल्यांमागे बिऱ्हाड बांधत आणि सोडत फिरले. एम.एस्सी.चं सर्टिफिकेट ट्रंकेत, स्वेटरांच्या खाली. आणि आज गुडगावच्या फॅक्टरीत 'क्वालिटी कंट्रोल केमिस्ट'! खोलीच्या दारावर माझ्या नावाची पाटीसुद्धा आहे. दोनदा उगाचच बाहेर जाऊन वाचून आले.

फॅक्टरी मात्र गमतीची आहे. मालक नरसिंहजी, यांचं पूर्वी जुन्या दिल्लीत मिठाईचं दुकान. नवं आर्थिक धोरण आलं, गुडगावात बंगले उठले, बंगल्यातल्या बायका मिठाई सोडून 'नॅचरल' मागायला लागल्या. मग हेही नॅचरल झाले. कढया त्याच, हलवाईही तोच — विश्वनाथ. बर्फीऐवजी आता च्यवनप्राश ढवळतो. तपासणी कशी करतो? दोन बोटांत थेंब धरून ओढतो. "एक तार आ गई मैडम, पास!"

मी विचारलं, पाण्याचं प्रमाण किती? "जितना होना चाहिए."

५ सप्टेंबर

आज पहिली कामगिरी. जांभळाच्या बियांची पूड म्हणून आलेलं पोतं सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. निम्मा लाकडाचा भुसा! पोतं परत पाठवा म्हटलं. नरसिंहजी हिरमुसले. "मैडम, लकड़ी भी तो नेचुरल है."

हसू दाबता दाबता पोटात दुखलं. पण पोतं गेलं परत.

११ सप्टेंबर

नवं उत्पादन — मधुमेहींसाठी बिनसाखरेचा अवलेह, म्हणजे चाटण. नाव 'शर्करांतक'. पुराणातल्या एखाद्या राक्षसाला मारणाऱ्या देवाचं वाटतं! कृती माझी: जांभूळबी, मेथी, कारलं, आवळा. पहिला घाणा काही केल्या घट्ट होईना. विश्वनाथने बोटभर चाखला आणि बाहेर जाऊन झाडाखाली बसला. पाणी प्यायला, पुन्हा बसला.

नरसिंहजी म्हणाले, "आप टेस्टिंग देखो, स्वाद विश्वनाथ देखेगा." बरं म्हटलं. चव माझा प्रांत नाहीच. लॅबमधली वस्तू तोंडात घालायची नाही, हे कॉलेजात अंगात मुरलंय.

१६ सप्टेंबर, गणेश चतुर्थी

शर्करांतक जमला! दुसरा घाणा छान घट्ट, चकचकीत. ज्येष्ठमध घातलाय म्हणे विश्वनाथने. राख, पाणी, जंतू, सगळं तपासलं, सगळं ठीक. साखर घालायचीच नव्हती, म्हणून ती तेवढी तपासली नाही. लेबलवर छापलंय — 'परीक्षण: सौ. सुखदा, एम.एस्सी.'

एक बरणी नानांना आणली. नाना म्हणजे माझे सासरे. गेल्या वर्षापासून पुण्याहून इथे दिल्लीला, सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये आलेत. साखर वाढलेली, जीभ त्याहून वाढलेली. तरुणपणी हौशी नाटकांत कामं करायचे, त्यामुळे साधा चहासुद्धा प्रवेश घेतल्यासारखा घेतात. चमचा तोंडात घातला, डोळे मिटले, हात छातीवर. "सुखदा! हे औषध नव्हे, अमृत आहे!" डोळ्यांत पाणी.

मलाही आलं. खोटं कशाला सांगू?

२० सप्टेंबर

अजब! नाना सकाळी फिरायला जायला लागले! डॉक्टर वर्षभर सांगून थकले होते. बरणीही बरोबर नेतात. "नैसर्गिक औषध निसर्गातच घ्यावं." शेजारच्या भानुमतीबाईंचे गुडघे दुखतात, म्हणून त्यांच्या कुत्र्यालाही, सीझरला, नानाच फिरवून आणतात. पार सफदरजंग विमानतळाच्या भिंतीपर्यंत! एका अवलेहात एवढी शक्ती?

३० सप्टेंबर

भानुमतीबाई रडकुंडीला. सीझर दहीभाताला तोंड लावत नाही.

१ ऑक्टोबर

नानांनी दुसरी बरणी मागितली. इतक्यात संपली? "गुण येतोय, तर हात का आखडता घ्यायचा?"

९ ऑक्टोबर

प्रत्येक घाण्याची एकेक बरणी आम्ही कपाटात जपून ठेवतो, पुढे तक्रार आली तर ताडून पाहायला. आज कपाट उघडलं तर मुंग्या! खालच्या फटीतून वर, काढे ओलांडून, चूर्णं ओलांडून, थेट शर्करांतकाच्या झाकणात.

बिनसाखरेच्या अवलेहाला मुंग्या कशा?

एका बशीत साखर ठेवली, शेजारच्या बशीत शर्करांतक, आणि स्टुलावर बसून राहिले. मुंग्यांनी साखरेकडे ढुंकूनही पाहिलं नाही! सगळी वरात शर्करांतकाकडे. एवढं शिकलेली बाई, मुंग्यांच्या तोंडाकडे बघत बसलेली — नरसिंहजींनी दारातून पाहिलं आणि हळूच मागे गेले.

१० ऑक्टोबर

आम्ल घालून उकळलं, मग साखर ओळखायचं निळं द्रावण घातलं. क्षणात विटकरी लाल! पुन्हा केलं. पुन्हा लाल. तशीच कढईपाशी गेले.

"विश्वनाथ, इसमें क्या डाला?"

"गुड़. बढ़िया वाला, मेरठ का. बिना गुड़ के अवलेह बैठता है कहीं?"

नरसिंहजी धावत आले. मी लाल नळी त्यांच्या नाकासमोर धरली. त्यांना खरंच कळेना मी का ओरडतेय. "मैडम, चीनी का एक दाना दिखा दो, फैक्टरी बंद कर दूँगा! यह तो गुड़ है! गुड़ नेचुरल है!"

परतीची चार्टर्ड बस धौलाकुआँच्या चौकात अडकली. माझं डोकं फिरायची वेळ आली. नाना! रोज दोन दोन चमचे गूळ, आणि तोही माझ्या नावाने!

घरी आले तशी बरणी हिसकावली. "गूळ आहे यात!" नाना चष्मा पुसायला लागले. सुधन्वा पेपरातून वर बघून म्हणाला, "अगं, पण गूळ चालतो ना? नॅचरल असतो." कृषी मंत्रालयात नोकरी करतो हा माणूस! मी बरणी ओट्यावर आपटली.

१२ ऑक्टोबर

नानांचं रक्त तपासून आणलं. साखर उतरलीय! नुसती उतरली नाही, चार वर्षांत इतकी चांगली नव्हती. डॉक्टर विचारतात, "क्या ले रहे हैं आजकल?"

माझी नळी खोटी? मुंग्या खोट्या?

नाना म्हणाले, "बरणी दे बघू परत." दिली.

२१ ऑक्टोबर

नानांची साखर उतरल्याचं सुधन्वाने बसस्टॉपवर कौतुकाने सांगितलं, तिथून फिरत फिरत नरसिंहजींच्या कानावर गेलं. पेढे घेऊन घरीच हजर! (मधुमेह्याच्या घरी पेढे! असो.) "मैडम, आपके अपने ससुरजी! इससे बड़ा टेस्ट कौन सा?" नोव्हेंबरात प्रगती मैदानावर व्यापार मेळा. तिथे आमचा स्टॉल, स्टॉलवर नानांचा माणसाएवढा फोटो आणि रोज संध्याकाळी नानांचं चार शब्दांचं भाषण. माईकवर.

माईक म्हटल्यावर नानांची छाती जी फुगली ती अजून खाली आलेली नाही.

फक्त मेळ्याच्या मोठ्या घाण्यावर माझी सही पाहिजे.

२९ ऑक्टोबर

सही केली नाही, आज चौथ्यांदा. नरसिंहजी वाईट नाहीत, पण आज स्पष्टच बोलले. "मैडम, साइन नहीं होगा तो मुझे दूसरा केमिस्ट देखना पड़ेगा." करोल बागेत एकजण तयारच आहे म्हणे.

पाटी काढतील. मला ही नोकरी हवी आहे. फार हवी आहे. सकाळी बसमध्ये खिडकीशी बसलं की मी कुणाची कुणीही नसते, फक्त केमिस्ट असते.

३ नोव्हेंबर

नानांची तालीम जोरात. आरशासमोर, बाल्कनीत, गॅसपाशी. "भाइयों और बहनों! मैं भी कभी मीठे का गुलाम था!" हिंदी अशी की विश्वनाथही शरण येईल. भानुमतीबाईंकडून शाल मागून आणलीय.

भानुमतीबाईंनी मला विचारलं, सीझर एवढा जाड कसा झाला? जिना चढताना धापा टाकतो. मला काय माहीत बाई! मला माझी चिंता.

७ नोव्हेंबर

पुस्तकं काढली. गुळावर जांभूळबी मात करते असं कुठेही नाही. कुठेच नाही. पण नाना समोर बसलेत — ताजेतवाने, पट्ट्याला नवं भोक पाडलेले! डोळ्यांनी दिसतं ते मानू की नळीत दिसतं ते? सुधन्वा म्हणतो, "तू नेहमी जास्तच विचार करतेस, यार. कर सही."

थकले. उद्या करून टाकते. अनुभव हेही शास्त्रच ना?

वाक्य लिहिलं खरं. वाचवत नाही.

८ नोव्हेंबर

सकाळी चहा देताना नानांना सांगितलं, "आज सही करतेय. तुमचं भाषण पक्कं."

त्यांनी कप खाली ठेवला. "नको करू."

मी विचारलं, का? "पहिल्याच चमच्याला कळलं होतं गं, गूळ आहे. मला नाही कळणार गूळ? दोन दिवस खाल्ला. काय सुख होतं! मग बरणीवर तुझं नाव दिसलं. म्हटलं, हे खाऊन मी आडवा झालो, तर लोक नाव माझं नाही घेणार, तुझं घेतील. पहिलीच नोकरी तुझी. तोंडावर सांगवेना. मग रोज भिंतीपर्यंत जाऊन सगळं सीझरला..." म्हणजे साखर उतरली ती चालण्याने! "फोटो म्हणाले, माईक म्हणाले, तेव्हा मोह झाला."

सही केली नाही. दुपारी पाटी निघाली. मीच स्क्रू काढून घरी आणली.

नाना शाल परत करायला आणि सीझरची माफी मागायला शेजारी गेलेत.