अबोल्याची साक्ष

प्रिय टिने,

तुझं पार्सल मंगळवारी मिळालं. मोजे अगदी मापाचे निघाले. ज्येष्ठमधाच्या खारट गोळ्या मात्र मला आता चालत नाहीत, मीठ बंद आहे. त्यातली एक शेजारच्या ऑलिंदानं मोठ्या हौसेनं तोंडात टाकली आणि माझ्यादेखत अंगणात थुंकली. "हे तुमच्याकडे लहान मुलांना देतात? तरीच तुम्ही लोक असे!" म्हणाली. बाकीच्या गोळ्या मी बरणीत भरून ठेवल्या आहेत, नुसत्या वासाला.

रविवारी फोनवर तू विचारलंस, कधी येतेस, आणि मी म्हणाले, बघू. गेले सहा आठवडे मी हे "बघू" म्हणते आहे. फोनवर मला धड बोलताच येत नाही. तुझा आवाज ऐकला की मी लगेच धाकटी बहीण होते आणि तू सांगशील त्याला हो म्हणते. म्हणून कागद घेतला. तसंही हल्ली माझ्या आयुष्यात कागदांशिवाय दुसरं काही उरलेलं नाही. दमले गं टिने. मूत्रपिंडांनी दमवलं नसेल तेवढं कचेऱ्यांच्या खिडक्यांनी दमवलं. सकाळी उठते, फाईल काखोटीला मारते, बसच्या थांब्यावर जाऊन उभी राहते आणि तिथेच वाटतं, परत जाऊन झोपावं.

तुला मी अर्धंच सांगितलं होतं, आता सगळं सांगते. जिल्ह्याच्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नोव्हेंबर लागायच्या आत डायलिसिस सुरू व्हायला हवं. आठवड्यातून तीनदा, जन्मभर. मशीन आहे, खुर्ची आहे, न्यायला-आणायला गाडीसुद्धा येते. पण त्या खुर्चीत कायमचं बसायला इथला आरोग्य क्रमांक लागतो, आणि तो इथे राहणाऱ्यालाच मिळतो. मी तर कागदोपत्री तुझ्याकडे राहते, तिकडे आपल्या देशात, डेव्हेंटरला, तुझ्या माडीवरच्या खोलीत. इथे मी चौदा वर्षांची पाहुणी. पाहुणीचा हात मोडला तर प्लास्टर घालतात, पण तिचं रक्त जन्मभर धुऊन देत नाहीत. डॉक्टरीणबाई चष्मा काढून म्हणाल्या, "बाई, एक तर इथल्या व्हा, नाहीतर जिथल्या आहात तिथे जा. पण काय ते लवकर करा."

मग सुरू झाले हेलपाटे. आरोग्य केंद्र म्हणालं, तालुक्याहून रहिवासाचा दाखला आणा. तालुक्याला गेले, तर म्हणाले, गावकचेरीचा दाखला आणा. गावकचेरीतली सुझेती म्हणाली, वीजबिल आणा. वीजबिल नेलं तर म्हणाली, "हे तर सेन्योर रीनुसच्या नावाचं आहे." घर नवऱ्याच्या, रीनुसच्या नावाचं, वीज त्याची, पाणी त्याचं, आणि तो जाऊन अकरा महिने झाले. वारसाची फाईल वकिलाकडे पडली आहे. बिलावर माझं नाव लावायला वीज कंपनीत गेले, तर तिथल्या मुलानं गोड हसून विचारलं, "रहिवासाचा दाखला आहे ना?" मी तिथल्या बाकावर बसून शांतपणे संत्रं सोलून खाल्लं. ते मला चालत नाही, तरी खाल्लं. सरकारी काम आणि सहा महिने थांब, असं म्हणतात. पण माझ्याकडे सहा आठवडेही नव्हते.

शेवटी सुझेतीलाच दया आली. ती म्हणाली, एक जुना नियम आहे. ज्याच्याकडे काहीच कागद नाही, त्याच्यासाठी गावातल्या दोन मतदारांनी कचेरीत येऊन सांगायचं की हा माणूस इथे राहतो. दोन सह्या, एक शिक्का, बस्स. मला हसू आलं. चौदा वर्षं ज्या गावात मी बटाटे लावले, त्या गावात दोन माणसं मिळणं काय कठीण! ऑलिंदा लगेच तयार झाली. मग दुसरं कोण म्हणून आम्ही दोघी तिच्या ओट्यावर बोटं मोजत बसलो. गाव आहे तेवीस घरांचं. निम्मी बंद. उघड्यांतली अर्धी माणसं फ्रान्समधून उन्हाळ्यापुरती येतात. पोस्टमनच्या विधवेचं मत लिस्बनला, मुलाकडे. दोघं अंथरुणाला खिळलेले. ऑलिंदाची बोटं थांबली आणि तिनं रस्त्यापलीकडे बघितलं. तिथे अबीलियो अंगणात द्राक्षांच्या पाट्या धूत होता. "आहे की एक," ती म्हणाली.

अबीलियोची गोष्ट तुला ठाऊक नाही, कारण रीनुसनं ती कोणाला सांगू दिली नाही. नऊ वर्षांपूर्वीची. अबीलियोचा कुत्रा दिवसभर आखूड साखळीला बांधलेला असायचा. आपल्याकडच्या माणसांना ते बघवतं का? रीनुसनं त्याला सांगितलं नाही, विचारलं नाही, सरळ पोलिसांना फोन केला. आपल्याकडे हे नागरिकाचं कर्तव्य. इथे शेजाऱ्याच्या दारात पोलीस आणणं म्हणजे त्याच्या तोंडाला काळं फासणं. सगळं गाव बघायला जमलं. अबीलियोनं साखळी लांब केली, दंड भरला, आणि त्या दिवसापासून आमच्या घराशी बोलणं टाकलं. त्याचा अबोला साधासुधा नव्हता. आम्ही पावाच्या गाडीपाशी आलो की तो पाव न घेता घरी जायचा. रीनुस गेला तेव्हा चर्चच्या बाहेर टोपी काढून उभा राहिला, पण आत आला नाही आणि माझ्याकडे बघितलंही नाही.

पण गरजवंताला अक्कल नसते. मी ऑलिंदाला घेऊन त्याच्या अंगणात गेले. सगळं सांगितलं, आजारासकट. तो पाट्या धूतच राहिला. मी थांबले. त्यानं नळ बंद केला आणि ऑलिंदाला म्हणाला, "तिला सांग, कचेरी गुरुवारी संध्याकाळी सहाला उघडते." मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते! ऑलिंदा माझ्याकडे वळून म्हणाली, "कचेरी गुरुवारी सहाला उघडते म्हणतात." मी म्हणाले, "त्यांना सांग, मला माहीत आहे." ऑलिंदा वैतागली. "मेल्यांनो, मी काय टेलिफोन आहे का?" म्हणून तिनं हात झटकले. तो येणार की नाही, ते मात्र कळलं नाही. त्या तीन दिवसांत मी तुझ्या माडीवरच्या खोलीचा विचार पुष्कळ केला. तू आणलेल्या नव्या गादीचा, सायकलवरून दहा मिनिटांत येणाऱ्या दवाखान्याचा. किती सोपं होतं ते, टिने. एक तिकीट काढायचं, की सगळी फाईल चुलीत.

गुरुवारी तो आला. लग्नामर्तिकाला घालायचा काळा कोट, दाढी केलेली. सुझेतीनं आधी ऑलिंदाची सही घेतली आणि मग त्याला विचारलं, "या बाईंना किती वर्षं ओळखता?" तो म्हणाला, "ओळखत नाही." सुझेती म्हणाली, "मग त्या इथे राहतात हे कशावरून सांगता?" तर तो ताडकन म्हणाला, "अगं पोरी, नऊ वर्षं मी या घराशी बोलत नाही. बाई इथे राहत नसती तर मी अबोला कोणाशी धरला होता, भिंतीशी?" मागे रांगेत बसलेले शेजारगावचे लोक खो खो हसले. तो नाही हसला. बोटांवर मोजत सांगत गेला. सकाळी साडेसहाला खिडकी उघडते. पडदे लावत नाहीत, यांच्यात तशी रीतच नाही, आतलं सगळं दिसतं. सोमवारी चादरी वाळत पडतात, पाऊस असला तरी. "आधी उशांचे अभ्रे दोन असायचे," तो म्हणाला. "मागच्या वर्षापासून एकच असतो. लिही, राहते म्हणून. एकटी राहते."

मी तिथेच, सगळ्यांसमोर, रडले. रीनुसच्या मातीलाही एवढी रडले नव्हते. सही करून तो माझ्या जवळून गेला आणि दारात थांबून ऑलिंदाला म्हणाला, "तिला सांग, ही सरकारी साक्ष होती. बोलणं झालं असं समजू नको म्हणावं." शुक्रवारी पावाच्या गाडीपाशी मी गेले, तर तो पाव न घेता घरी गेला. म्हणजे अबोला शाबूत आहे.

आता जे तुलाच काय, कोणालाच सांगितलं नाही, ते सांगते. रीनुसनं पहिल्याच वर्षी स्वतःचं नाव इथे रीतसर लावलं होतं. दर जानेवारीत मला म्हणायचा, "हेनी, या वर्षी तुझंही करून टाकू." आणि मी दर वर्षी म्हणायचे, पुढच्या वर्षी. कारण सांगायचे की डेव्हेंटरचे डॉक्टर चांगले. खरं कारण वेगळं होतं. मला परतीचं दार उघडं हवं होतं. दोन डगरींवर पाय ठेवून मी चौदा वर्षं उभी राहिले, आणि त्याला ते दिसत होतं. तो शेवटचा इस्पितळात होता तेव्हा त्याच्या खाटेला लावलेल्या कागदावर छापलं होतं: एकटे राहतात. संगणकात तसंच होतं, त्या बिचाऱ्यांचा काय दोष. मी परिचारिकेला सांगणार होते की हे चूक आहे. रीनुसनं माझा हात दाबला आणि म्हणाला, "राहू दे गं, आता कशाला." रागानं म्हणाला असता तर बरं झालं असतं. चांगला होता गं माझा नवरा, आणि मी त्याला ते एवढंसं दिलं नाही.

त्याच शुक्रवारी दुपारी मी गावचा दाखला घेऊन तालुक्याला गेले. तिथल्या माणसानं शिक्का बघितला, मान डोलावली आणि म्हणाला, आता एकच राहिलं. तुमच्या देशातून असा कागद आणा की तुम्ही तिथे राहत नाही. दोन्हीकडे राहता येत नाही. तो किती साधेपणानं म्हणाला! मी बाहेरच्या पायऱ्यांवर अर्धा तास बसले. बस गेली, तरी बसले. तुझा विचार करत होते. तू एकटीच त्या घरात, वर माझं टपाल रचून ठेवतेस, शेजाऱ्यांना अजून सांगतेस की आम्ही दोघी राहतो, हेनी सध्या प्रवासात आहे. खोलीला रंग दिलास तो माझ्या आजारासाठी नव्हे, हे मला कळत नाही असं नाही. मी आले असते तर तुझंही एकटेपण संपलं असतं. हे सगळं कळूनही मी येत नाहीये, टिने. मला इथेच राहायचं आहे, आणि या वेळी राहते असं लिहून द्यायचं आहे. तू रागावशील, रागाव. पण नाताळात तू ये. गादीचं इथे बघू.

सोमवारी सकाळी मी तुझ्या पत्त्यावरून नाव काढायचा अर्ज पाठवला. आठ-दहा दिवसांत तुला नगरपालिकेचं पाकीट येईल. ते लोक कोणाला वाईट वाटेल असं काही लिहीत नाहीत, नुसतं कळवतात. त्यात एकच ओळ असेल, की या पत्त्यावर आता एकच व्यक्ती राहते. ती ओळ तू अशी अचानक, दारातच उभी राहून वाचू नयेस, आधी माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र लिहिलं.

तुझीच,
हेनी