एकवीस वर्षांपूर्वीचं माझं मत

नोव्हाय, मिशिगन
१२ ऑक्टोबर २०२५

लाडक्या रुहीला आणि अनुष्काला भरभरून आशीर्वाद.

आम्ही मजेत. बाबा रोज गॅरेज आवरतो म्हणतात आणि आवरत नाहीत. दुधी यंदा इतके आले की शेजाऱ्यांनी दार उघडायचं बंद केलंय!

रुही, तुला मराठी वाचायला वेळ लागतो, ठाऊक आहे. बेसमेंटमधल्या रविवारच्या शाळेत मीच शिकवलंय तुला. तरी मराठीतच लिहिते, इंग्लिशमध्ये मी अवघड गोष्टी फार सफाईने टाळते.

परवा फोनवर तू म्हणालीस, माझं नि अनुष्काचं लग्न मिशिगनमध्ये नको, आमच्या बेलव्ह्यूलाच करू. "उद्या सुप्रीम कोर्टाने आमच्यासारख्यांच्या लग्नाचा निकाल फिरवला तर तुमच्या मिशिगनच्या राज्यघटनेतली बंदी पुन्हा लागू होईल. आई, तिथल्या लोकांनीच मतं देऊन घातलीये ती." मी लगेच विषय बदलून दुधीवर आले.

अगं, त्या लोकांत मी होते.

२००४ साल. सिटिझन झाल्यावरचं माझं पहिलं मत. लग्न म्हणजे फक्त एक पुरुष आणि एक स्त्री, असं राज्यघटनेत घालायचं का? मी 'हो' केलं. तू चौदा वर्षांची, शेजारीच उभी होतीस. पुढे कोणी विचारलंच तर सांगायचे, मला वाटलं दोन बायका करणाऱ्यांना चाप लावताहेत. सगळे हसायचे. थाप होती ती. मला नीट कळलं होतं. तुझ्याबद्दल शंका आली होती, म्हणूनच केलं. वाटलं, कायद्यानेच वाट बंद केली तर तू वळशील. लाज वाटते गं.

बाबा म्हणाले, "कशाला सांगतेस? मतदान गुप्त असतं." असू दे!

काल लायब्ररीत आमच्या आमदारबाई लोकांना भेटायला आल्या होत्या. मी उभी राहिले आणि मराठी मंडळातल्या बायकांसमोर सगळं सांगून टाकलं. ते कलम काढायचं तर परत लोकांचीच मतं लागणार. मग जिने घालायला हातभार लावला, तिने दारोदार हिंडायला नको? मंडळातल्या सुलेखाकाकू तावातावाने उठून गेल्या. शनिवारपासून लोकांना पटवायला घरोघरी जाणार आहे मी, आणि पहिली बेल त्यांचीच वाजवणार.

लग्न बेलव्ह्यूला करा, खुशाल. मला बोलवायचं की नाही, ते दोघींनी ठरवा. नाही बोलावलंत तरी मी हिंडायची थांबणार नाही. माफी मागते, पण लगेच देऊ नकोस.

तेव्हाही तुझ्यावर जीव होता आणि तरी ते केलं, अशी तुझी,
आई