देशात नदी नाही

तेव्हा तुझ्या वडिलांची गाडी बेकरीसमोरून तरंगत निघाली होती आणि मी छत्री घेऊन तिच्यामागे होतो. पाणी गुडघ्याला लागत होतं.

प्रिय नार्दू, क्षेम विचारायचं राहिलं. मेलबर्नला सगळे बरे असाल. वहिनींचं सायकल शिकणं कुठवर आलं? इथे तुझी आई, म्हणजे माझी मावशी, ठणठणीत आहे. ती गोझो बेटावरच्या चर्चला गेली आहे, उद्या परतेल. काकांची गाडी तिच्या घरापुढून हलवायची नाही, असं जाताना तिने मला दोनदा बजावलं. म्हणून हे पत्र.

माझ्या वरच्या खोलीत पाहुणे उतरतात, हे तुला ठाऊक आहे. त्यांच्यासाठी मी दाराला माहितीचा कागद लावला आहे: माल्टा, वस्तीची तीन बेटं, सर्वांत उंच जागा अडीचशे मीटर, उन्हाळा कोरडा, हिवाळा सौम्य, नदी एकही नाही. (यातलं एक अक्षर चूक नाही, हे आजही सांगतो.) आज दुपारी एका डॅनिश बाईंना विमानतळावरून आणायचं होतं. बस त्यांना शोभली नसती, म्हणून काकांची गाडी काढली. परतल्यावर घरापुढची जागा गेलेली, म्हणून गाडी दरीच्या रस्त्याला लावली. बेकरीवाला वेन्चू दारातच होता.

"स्पीरू, सप्टेंबरात इथे गाडी लावतोस?"

"देशात नदी नाही, वेन्चू."

"मला काय सांगतोस? पाण्याला सांग."

बाईंसमोर माघार घेणं बरं दिसलं नसतं. चार वाजता पाऊस आला. आपल्या अख्ख्या बिर्किर्कारा गावाचं पाणी याच रस्त्याने इम्सीदाच्या खाडीत उतरतं, हे आपण लहानपणापासून बघतो. पण ते तासाभराचं, आणि तासाभराच्या पाण्याला भूगोलात नदी म्हणत नाहीत. हे मी बाईंना समजावत होतो. त्या खिडकीशी होत्या. शांतपणे म्हणाल्या, "तुमची गाडी चालली."

बेकरीपाशी तिने वळण मात्र सुरेख घेतलं. तुला ते कधी जमलं नाही. पुढे ती दिसेनाशी झाली. मिळेल.

तुझा,
स्पीरू

ता. क. गाडी फिरवायला तूच सांगितलं होतंस, असं मावशीला लिही. तारीख मागच्या आठवड्याची घाल.

ता. क. २. (दुसऱ्या दिवशी) मावशी आज सकाळी पहिल्या बोटीने परतली. गाडी इम्सीदाच्या चर्चसमोर आडवी उभी होती. मावशीची बस तिथूनच जाते. ती उतरली, पिशवीतल्या दुसऱ्या किल्लीने दार उघडलं, आतलं पाणी वाहून जाऊ दिलं, आणि चढ चालत माझ्या घरी आली.