डाव्या पायाचा ब्रेक

खातीपुरा, जयपूर
रविवार, २८ नोव्हेंबर २००४

ती. दादास,

श्रीपादचा नमस्कार. तुझं पत्र गुरुवारी मिळालं. वहिनींनी पाठवलेलं येसरही मिळालं. रमानं त्याच दिवशी आमटी केली आणि घराला परभणीचा वास आला. इकडे थंडी पडली आहे. आम्ही बरे आहोत.

‘बाबांचं ते धूड अजून आहे का?’ असं तू विचारलंस. आहे, आणि ती मोटरसायकल चालूही आहे. मॅग्नेटो दोनदा वाइंडिंग करून घेतला. कार्बुरेटर झिजला आहे, त्यामुळे सकाळी पंधरा-वीस किका माराव्या लागतात. तेल गळतं, खाली पत्र्याचा ट्रे ठेवतो. विलायती गाडीचे सुटे भाग इथं कुठले मिळायला! चारदीवारीत, म्हणजे जुन्या शहरात, चांदपोल दरवाज्याच्या आत एक हबीब उस्ताद आहेत, ते लेथवर करून देतात. पुढच्या ब्रेकचे लायनर त्यांच्याकडून बदलून घेतले. मागचा ड्रम घासून घेतला. ब्रेकचा रॉड नवा केला, मग पेडलही नवं केलं. परवा रमा म्हणाली, “अहो, तिचं नाव आता रेशनकार्डावरच घाला.”

संकेतला मी लिहावं असं तू म्हणतोस. त्याला नांदेडला औषध कंपनीत नोकरी मिळाली हे वाचून बरं वाटलं. फिरतीचं काम, त्यासाठी तो बिनगिअरची स्कूटर मागतो आहे. तू लिहिलंस, ‘ज्यानं काकाचं सांगणं ऐकलं नाही, त्याच्या हातात मी पुन्हा गाडी देणार नाही. स्कूटरशिवाय नोकरी होत नसेल, तर नोकरीही नको. तू त्याला चार शब्द लिही. तुझं ऐकेल.’

लिहितो. एक-दोन दिवसांत लिहितो.

मंगळवार, ३० नोव्हेंबर

हे पत्र टाकलं नाही. संकेतला लिहायला बसलो होतो. दोन कागद फाडले.

काल संध्याकाळी रमानं तुझं पत्र वाचलं. घडी घालून माझ्यासमोर ठेवलं.

“काय लिहिणार त्याला?”

“दादा म्हणतो तेच. की जपून.”

“तुम्ही त्याला किकचं सांगितलंत. पेट्रोलच्या कॉकचं सांगितलंत. मी चहा घेऊन पायरीवर उभी होते. चहा निवला तरी तुमचं चाललं होतं.”

“मग?”

“मग काही नाही. मी तिथं होते, एवढंच.”

ती आत गेली. अडीच वर्षांत या विषयावर ती पहिल्यांदा बोलली.

दादा, त्या दिवशीचं सगळं तुला माहीत आहे असं आपण दोघंही धरून चाललो आहोत. तू दुसऱ्या दिवशी आलास. आधीचं तुला मी सांगितलं तेवढंच माहीत आहे.

संकेतची इथली मुलाखत आदल्या दिवशी झाली होती. सकाळी म्हणाला, “काका, आजोबांची गाडी एकदा चालवू?” मला फार आनंद झाला. इथं त्या गाडीला माझ्याशिवाय कुणी हात लावत नाही. अंगणात उभा राहून त्याला सगळं दाखवलं. कॉक कधी उघडायचा. पिस्टन वर कसा आणायचा. किक मारताना गुडघा ताठ ठेवायचा नाही, नाहीतर किक उलटी बसते. त्यानं तिसऱ्या किकला सुरू केली. मी टाळ्या वाजवल्या. मग क्लच दाबायला सांगून पहिला गिअर मी माझ्या हातानं टाकून दिला आणि म्हणालो, “कोपऱ्यापर्यंत जाऊन ये.”

सुरू कशी करायची हे मी अर्धा तास सांगितलं. थांबवायची कशी हे सांगितलं नाही.

मुद्दाम नाही. तीस वर्षं माझा डावा पाय ते काम करतो आहे. ते सांगण्यासारखं आहे असं मला वाटलंच नाही. तो आजकालच्या गाड्यांवर शिकलेला, त्याचा ब्रेक उजव्या पायाला. या गाडीवर तिथं गिअर आहे. बाबांनी आपल्याला कसं शिकवलं होतं ते तुला आठवत असेल. आठ दिवस इंजिन बंद. तू ढकलायचास, मी थांबवायचो. मग मी ढकलायचो, तू थांबवायचास. नवव्या दिवशी किल्ली दिली.

कोपऱ्यावर चाऱ्याची ट्रॉली उभी होती. वेग फार नव्हता. त्याचा उजवा पाय दोनदा खाली गेलेला मी फाटकातून पाहिला. पहिल्यांदा गेला तेव्हाच मला कळलं. ओरडलो. इंजिनाच्या आवाजात त्याला काय ऐकू जाणार! गाडीला दुसरा गिअर पडला आणि ती ट्रॉलीच्या लोखंडी कडेवर गेली. गुडघा मध्ये सापडला.

दवाखान्यात तू खाटेजवळ उभा राहून मला विचारलंस, “ब्रेक डावीकडे आहे हे सांगितलं नव्हतंस का?”

मी म्हणालो, “सांगितलं होतं.”

संकेत जागा होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग वर पंख्याकडे पाहिलं. तू म्हणालास, “याला कुणाचं ऐकायचंच नसतं.” तो काही बोलला नाही. बोलला असता तर मी काय केलं असतं, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. बहुतेक पुन्हा तेच म्हणालो असतो.

त्यानंतर गाडी टेम्पोत घालून हबीब उस्तादांकडे नेली. ब्रेक निकामी झाला होता, बघा, असं सांगितलं. त्यांनी चाक फिरवून पाहिलं, ड्रम उघडला. म्हणाले, “ब्रेक तो सही है साहब। पाँव गलत गया है।” मी म्हणालो, तरी बदला. तेव्हापासून बदलतो आहे. दर दोन-तीन महिन्यांनी मला तिच्यात काहीतरी सापडतं. ते सापडेनासं झालं तर काय, या भीतीनं मी ती चालू ठेवली आहे. तुला वाटतं, बाबांच्या आठवणीसाठी.

इथवरचं कदाचित तू समजून घेशील. पुढचं लिहिणं अवघड जातं आहे.

गेल्या वर्षी संक्रांतीला संकेतचा फोन आला होता. बोलता बोलता म्हणाला, “काका, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तुम्ही सांगितलं होतं ब्रेकचं. माझंच लक्ष नव्हतं.”

तो मला वाचवत नव्हता. मी आवाज नीट ऐकला. त्याला आता खरंच तसं आठवतं. तू इतक्यांदा म्हणालास आणि मी इतका गप्प राहिलो, की त्याच्या मनात मी ते सांगितलेलं आहे. “तिळगूळ पाठवतो,” असं काहीतरी म्हणून मी फोन ठेवला.

त्याला स्कूटर घेऊ दे. बिनगिअरच्या स्कूटरला दोन्ही ब्रेक हातात असतात. आणि त्यानं कधी कुणाचं ऐकलं नाही, असं मला तरी माहीत नाही. मी जेवढं सांगितलं तेवढं त्यानं केलं. तिसऱ्या किकला सुरू केली, दादा. आपल्याला महिना लागला होता.

तू रागावशील. रागाव. पण तू हे पत्र कपाटात ठेवशील, घरातली गोष्ट घरात म्हणून, अशी मला भीती आहे. तू वाईट म्हणून नव्हे. मला सांभाळायची तुला सवय आहे म्हणून. त्यामुळे मंगळवारचं हे सगळं मी पुन्हा एका कागदावर लिहून काढलं आणि संकेतच्या नावानं वेगळ्या पाकिटात घातलं. दोन्ही पाकिटं आज एकदमच टाकतो आहे. संकेत अजून घरीच आहे, तेव्हा एकाच पोस्टमनच्या हातून दोन्ही मिळतील.

वहिनींना नमस्कार.

संकेतला दरवेळी आशीर्वाद लिहितो. या वेळी त्यालाही नमस्कार.

श्रीपाद