तोंडावरचा ताबा

न्यू टाउन, कोलकाता
१२ जानेवारी २०२५

प्रिय सरोजमावशी,

साष्टांग नमस्कार. तू पाठवलेलं मेतकूट मिळालं. इथे यंदा थंडी बरी आहे. उदयची बँकेतली बदली इतक्यात काही होत नाही, त्यामुळे आमचा मुक्काम कोलकात्यातच.

काल प्राजक्ताचा फोन आला. तुझी सून ना ती, तुझ्याबद्दल बोलताना चाचरत होती. भाजी घेता घेता तू चक्कर येऊन पडलीस म्हणे. "आई एकवेळच जेवतात, साखर कमी करायच्या गोळ्या मात्र दोन्ही वेळा घेतात. काही बोललं की म्हणतात, आभाला जमलं, मग मला का नाही?"

मावशी, आभाला जमलं नव्हतं.

गणपतीत व्हिडिओ कॉलवर तू मला ओळखलंच नाहीस. "केवढी बारीक झालीस गं! काय केलंस?" मी म्हटलं, रोज चालते, तोंडावर ताबा ठेवते. तुझा चेहरा असा खुलला की पुढचं माझ्या तोंडून निघेना. खरं तर त्याच्या आदल्या वर्षी माझं ऑपरेशन झालं होतं. पोट लहान केलं, आतड्याची वाट बदलली. उदयखेरीज कोणालाच माहीत नाही.

वजन फारसं उतरायच्या आतच साखर खाली आली, इन्सुलिन बंद झालं. मी डॉक्टरांना विचारलं, "खातच नाही म्हणून का?" त्या म्हणाल्या, "तेही आहेच. पण आतड्यातून शरीराला जाणारे निरोप बदलतात, तिथले जिवाणूही बदलतात. कशाचा किती वाटा, ते आम्हालाही अजून पुरतं कळलेलं नाही." मी तिथेच रडले. इतकी वर्षं प्रत्येक रिपोर्ट मी नापास झालेल्या मुलीसारखा लपवत आले होते.

सगळंच छान झालंय असंही नाही. मागच्या महिन्यात नव्या गुळाची संदेश नावाची इथली मिठाई खाल्ली आणि थोड्या वेळाने ऑफिसच्या लिफ्टमध्ये हातपाय थरथरायला लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली. साखर एकदम घसरली होती. ती भीती मला ठाऊक आहे. तू ती भर बाजारात, एकटीने, माझ्या थापेपायी भोगलीस.

प्राजक्ताला मी सगळं सांगितलंय. ती तुला लगेच डॉक्टरांकडे नेणार आहे, तिच्याशी वाद घालू नकोस. पण खोटं मी बोलले, तेव्हा खरंही तुला माझ्याकडूनच कळायला हवं. फोनवर मला हे सांगवलं नसतं.

राग आला तर येऊ दे. फक्त उपाशीपोटी रागावू नकोस.

तुझीच,
आभा